सोळा पानांची पंगत

खांबेटेकाका कम्प्युटरला चुकायला शिकवतात. गेली सात वर्षं त्यांचा हा उद्योग चालू आहे. सकाळी दहाला चहाचा मग घेऊन ते बेसमेंटमध्ये उतरतात, लॅपटॉप उघडतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि एक वाजता वर येऊन नलूकाकूंना सांगतात, "आज दोन चुका जमल्या." काकू तव्यावर पोळी टाकत विचारतात, "मनासारख्या?" त्यावर काका गंभीरपणे म्हणतात, "एक मनासारखी. दुसरी मुद्दाम केल्यासारखी वाटते." मग दोघं जेवायला बसतात.

मी त्यांच्या शेजारी राहते. पुण्याहून ऑन्टारिओतल्या हॅमिल्टनला येऊन मला सोळा वर्षं झाली आणि या सोळा वर्षांत मी एकच काम केलं आहे, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायचं. त्याचाच मला पगार मिळतो. कुंपणापलीकडे एक माणूस रोज तीन तास खपून चुका घालतोय हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

काका ऐंशीच्या घरातले. उंच, किडकिडीत, आणि पस्तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढल्यामुळे सगळ्यांशी जरा ओरडूनच बोलणारे. त्यांचा व्यवस्थितपणावर राग आहे. माझ्या मुलाला सगळ्या विषयांत ए मिळाले म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर ते म्हणाले, "फार शहाणा झालाय. एखादा बी येऊ दे." मुलगा घरी येऊन म्हणाला, "Aai, he's so weird." मी कुंपणालगतची झुडपं कापून सरळ रेषेत आणली, तर काकांनी गॅरेजमधूनच हाक मारली, "अगं, तुझी झुडपं फार शहाणी दिसायला लागली." स्वतः बर्फ शोव्हल करतात तेव्हाही कडेला एक वाकडातिकडा पट्टा ठेवतात. काकू दारातून ओरडतात की तेवढा कशाला ठेवला, पोस्टमन पडेल. काका म्हणतात, पोस्टमनला माहीत आहे.

हे कम्प्युटरचं वेड लागायच्या आधी त्याच बेसमेंटमध्ये शनिवारचं भजनी मंडळ भरायचं. मी त्याची शेवटची चार-पाच वर्षं पाहिली. दुपारी तीनला माणसं यायला लागायची. जिन्यापाशी बर्फावर टाकलेल्या मिठाने पांढरे झालेले बूट, त्यावर कोटांचा ढीग, वर स्वयंपाकघरात काकूंचा चहा आणि कुणीतरी आणलेली साबुदाण्याची खिचडी. आम्ही बायका मुलांना सांभाळत वरच असायचो. खालून पेटी, तबला, टाळ, झांज असा सगळा आवाज जमिनीतून वर यायचा आणि आमच्या पावलांना लागायचा. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आपल्या गावी नकोसा वाटणारा आवाज परदेशात मफलरसारखा उबदार वाटतो, इतकंच वाटलं होतं.

मग मंडळ आटत गेलं. तबल्यावरचे डॉक्टर आगाशे गेले. टाळ वाजवणाऱ्या कुलकर्णीबाईंना मुलाने पार पश्चिम किनाऱ्यावर, सरेला नेलं. झांजेवाले सबनीस विसरायला लागले, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना लंडनला, म्हणजे आपल्या ऑन्टारिओतल्या लंडनला, स्वतःच्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. पेटी आणि काका तेवढे उरले.

कुणीतरी त्यांना तबल्याचं यंत्र दिलं. काकांनी ते आठवड्यात परत केलं. तक्रार एकच, ते कधीच चुकत नाही. मग त्यांना कळलं की पब्लिक लायब्ररीत कम्प्युटरवर संगीत करण्याचा फुकट वर्ग असतो. निळ्या केसांची एक पोरगी शिकवायची. वर्गात सगळी पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणि पहिल्या रांगेत वही घेऊन खांबेटेकाका. त्या पोरीला ते आजही "आमच्या बाई" म्हणतात आणि मराठीत तिचा उल्लेख आदरार्थी बहुवचनातच करतात.

बाईंनी शिकवलेलं सगळं काकांनी मराठीत उतरवून घेतलं. लॅपटॉपला जोडायच्या बटणांच्या खोक्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर नावं लिहिली. सूर किंवा ठोके ओळीने मांडायचे सोळा चौकोन असतात, ती झाली पंगत. "सोळा पानं मांडायची," काकांनी मला समजावलं, "वाढपी डावीकडून उजवीकडे जातो. ज्या पानावर ठोका वाढलाय तिथे ठोका वाजतो, रिकाम्या पानाला काही नाही. शेवटच्या पानावरून परत पहिल्या." एका रांगेला सोळाच्या ऐवजी पंधरा पानं मांडली की ती रांग दर फेरीला थोडी थोडी पुढे सरकते आणि नुसती गंमत येते. एखाद्या ठोक्याने दर वेळी वाजायचं की अधूनमधून, ते ठरवणाऱ्या बटणाचं नाव लहर. आणि झोका म्हणजे एक न दिसणारा हात, दुसरं कुठलंही बटण हळूहळू इकडून तिकडे फिरवत राहणारा. आवाजाला बांधला की आवाज हेलकावतो, वेगाला बांधला की वेग. काकूंनी एकदा विचारलं, थर्मोस्टॅटला बांधता येईल का तुमचा झोका, खालची खोली गार पडते. काकांनी तो प्रश्न खरोखरच बाईंना नेऊन विचारला.

आणि एक होती इस्त्री. पुढेमागे पडलेले सगळे ठोके एका झटक्यात सरळ रेषेत आणून बसवणारी आज्ञा. तिच्याबद्दल काका एवढंच म्हणाले, "ती मी वापरत नाही."

आता माझं पाप सांगते.

गेल्या वर्षी गणपतीच्या कार्यकारिणीत मी होते. हॉलमध्ये आरतीला साथ करायला कुणी उरलं नव्हतं. काकांनी आपणहून सांगितलं की मी पेटी वाजवतो, साथ माझा कम्प्युटर करेल. फक्त ती फाइल हॉलच्या लॅपटॉपवर कशी न्यायची हे त्यांना जमेना. म्हणून आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. काका वर काकूंना मोदकांचं भांडं उतरवायला मदत करत होते. मी एकटीच खाली त्यांच्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनवर पाहिलं.

एक ठोका जागेवर असेल तर शपथ. तबल्याच्या रांगेच्या आधी नुसता 'आ' लिहिलेला, टाळाच्या आधी 'कु', झांजेच्या आधी 'स'. मला वाटलं 'आ' म्हणजे आवृत्ती. वेग मध्येच वाढत होता, टाळ ओळीच्या आधी पोचत होता, झांज मागे राहत होती. दोनशे माणसं टाळ्या वाजवणार, लहान मुलं असणार, सगळी आरती विस्कटणार असं माझ्या डोक्यात आलं. काकांना इस्त्री आवडत नाही हे मला माहीत होतं. म्हातारपणीचा हट्ट, असं मी मनाशी म्हटलं. सगळं सिलेक्ट केलं, सरळ केलं, लहरी आणि झोके शून्यावर आणले, सेव्ह केलं. हॉलसाठी फाइल काढून घेतली. शिवाय उघडं पडलेलं काही मला बघवत नाही, म्हणून सगळं नीट बंदही केलं. मोदक खाऊन घरी आले तेव्हा एखाद्याचं कपाट आवरून दिल्यासारखं मला छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आरती अगदी घड्याळासारखी झाली. सगळ्यांच्या टाळ्या जमल्या. मी मात्र काकांकडे बघत होते. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात त्यांचा हात अडखळला. तिसऱ्याच्या सुरुवातीला ते एकदम पुढे धावले आणि साथ मागेच राहिली. त्यांनी पेटी थांबवली. स्पीकरचा आवाज एवढा होता की कुणाच्या लक्षातही आलं नाही. कम्प्युटरने एकट्याने आरती पुरी केली, लोकांनी मला येऊन सांगितलं की यंदा साउंड मस्त होता, आणि काका प्रसाद न घेता निघून गेले.

मी सकाळी त्यांच्याकडे गेले. दार काकूंनी उघडलं. त्या रागावलेल्या होत्या, आणि काकूंना रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू इस्त्री केलीस होय?" त्या म्हणाल्या. "अगं, आगाशे होते त्यात."

काका खाली बसले होते. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी मला स्क्रीन दाखवली. 'आ' म्हणजे आगाशे. 'कु' म्हणजे कुलकर्णीबाई. 'स' म्हणजे सबनीस. सहा वर्षं ते रोज इथे बसून प्रत्येकाची चूक आठवून आठवून तिच्या जागी बसवत होते. सगळी साथ पुरी झाली की पेटी घेऊन बसायचं आणि शनिवार परत भरवायचा. एवढंच त्यांना करायचं होतं. फाइलचं नावही 'शनिवार' होतं. मी ती बंद केल्यामुळे केलेलं उलटवता येईना, आणि तिची दुसरी प्रत नव्हती, कारण एका गोष्टीच्या दोन प्रती करणं काकांना फार शहाणपणाचं वाटायचं.

मी किती वेळा सॉरी म्हटलं मला आठवत नाही. काका शेवटी म्हणाले, "रडू नको. माऊस धर. माझे हात थरथरतात, तू भरभर करशील."

त्यानंतर पानगळीचा सगळा फॉल मी दर शनिवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये काढला. काका सांगायचे, मी मांडायचे. चुका मांडताना माणसं जवळ येऊन बसायची. आगाशे भूलतज्ज्ञ. कमरेला हॉस्पिटलचा पेजर. आरती संपायच्या आत तो वाजेल या धास्तीने तिसऱ्या कडव्यापासून त्यांचा तबला पळायला लागायचा. आम्ही वेगाला एक लांब झोका बांधला, आणि तिसऱ्या कडव्याला तबल्याने वेग घेतला तेव्हा काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "पेजरवाला आला बघ." कुलकर्णीबाई शाळेत शिकवायच्या. कुणी कडवं गाळू नये म्हणून त्या पुढच्या ओळीला सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या राहायच्या. त्यांना पंधरा पानांची पंगत दिली आणि दर कडव्याच्या तोंडाशी परत सगळ्यांबरोबर आणलं. सरेला फोन करून त्यांना ऐकवलं. बाई म्हणाल्या, मी अशी कधीच वाजवत नव्हते. काका खूश झाले, कारण त्या तेव्हाही हेच म्हणायच्या.

सबनीस मात्र जमेनात.

सबनीस आणि काका एकाच हिवाळ्यात या गावात आले, एका खोलीत राहिले आणि दोघांत मिळून एक चांगला ओव्हरकोट होता. ज्याचा इंटरव्ह्यू त्याचा कोट. नोकरीही एकाच कारखान्यात लागली. चाळीस वर्षं शनिवारी सबनीसांची झांज ओळीच्या पहिल्या ठोक्याला उशिरा पडली आणि चाळीस वर्षं काका त्यांना "सबन्या, गाडी गेली" म्हणून सगळ्यांसमोर झापत आले. सबनीस नुसते हसायचे. आता काका डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, अजून जरा मागे. मी ठोका मागे न्यायचे. फार झालं. मी पुढे आणायचे. लहर लावली, झोका बांधला, काही उपयोग नाही. पाचव्या शनिवारी काकांनी हेडफोन काढून ठेवले.

"हा सबनीस नाही," ते म्हणाले. "हा कुणीतरी पेंगुळलेला माणूस आहे. माझा सबनीस माझ्या हातून गेला."

आधी सहा वर्षांत त्यांना तो सापडला होता, आणि मी अर्ध्या मिनिटात पुसला. हे त्यांनी म्हटलं नाही. मीच म्हटलं, मनात. पुढच्या शनिवारी मी विंटर टायर्स लावून घेतले, मागच्या सीटवर पेटी ठेवली, झांज पिशवीत घातली आणि काकांना लंडनला घेऊन गेले. बेत साधा होता. काकांनी वाजवायचं, सबनीसांच्या हातात झांज द्यायची, मी फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचं आणि घरी येऊन मोजायचं. मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

नर्सिंग होममधल्या मोठ्या खोलीत सबनीस खिडकीशी बसले होते. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट, केस नीट भांग पाडलेले. मुलगी शेजारी होती. "बाबा, कोण आलंय बघा," ती म्हणाली. सबनीसांनी काकांकडे बघून नम्रपणे मान लववली आणि इंग्रजीत सांगितलं की पाठ आता बरी आहे, डॉक्टर. काकांनी रस्ताभर मला समजावलं होतं की तो ओळखणार नाही, मला काही वाटणार नाही. आता त्यांना पेटीचं कुलूप उघडायला दोनदा किल्ली लावावी लागली.

मुलीने झांज हातात दिली. सबनीसांनी ती अशी धरली की कालच ठेवली असावी. काकांनी आरती सुरू केली. ओळ आली, ठोका आला, गेला, आणि मग झांज पडली. तोच उशीर. मीसुद्धा ओळखला, चार वर्षं माझ्या पावलांना लागलेला.

"हाच," काका वाजवता वाजवता म्हणाले, "हाच तो. घेतलास ना?"

मी घेत होते. फोन धरून मी सबनीसांच्या हातांकडे बघत होते आणि मला एक गोष्ट दिसली. दर ओळीच्या तोंडाशी त्यांचे हात वेळेवर वर यायचे. अगदी वेळेवर. मग थांबायचे. ते काकांच्या तोंडाकडे बघायचे. काकांची मान पेटीवर खाली. सबनीस जरा वाट बघायचे, आणि मग वाजवायचे.

"काका," मी म्हटलं, "जरा वर बघून वाजवा."

"पट्ट्या कशा दिसतील?"

"तुम्हाला पट्ट्या बघाव्या लागतात?"

काका वैतागले. पण पुढच्या ओळीला त्यांनी मान वर केली. सबनीस त्यांच्याकडेच बघत होते. दोघांची नजर मिळाली, काकांची हनुवटी आपोआप हलली आणि झांज ठोक्यावर पडली. त्याच्या पुढच्या ओळीलाही. आणि त्याच्या पुढच्या. काकांचे डोळे भरून आले. त्यांना आता पट्ट्या दिसणं शक्यच नव्हतं, पण त्यांनी मान खाली घातली नाही. मी फोन बंद केला. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आरती संपली. सबनीसांनी झांज मांडीवर ठेवली आणि मुलीला मराठीत सांगितलं, "हे पेटीवाले बरे आहेत. आमच्या मंडळात एक होता. वाजवायचा छान, पण मान वर करायचा नाही. मी आपला थांबायचो."

"त्याचं चुकलं," काका म्हणाले. त्यांचा तो कारखान्यातला आवाज पार बसला होता. "चाळीस वर्षं चुकलं त्याचं."

"छे हो. त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं." सबनीस हसले. "मित्र माझा."

काकांनी पेटीचा भाता बंद केला, चष्मा पुसला, परत घातला. मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "पुढच्या शनिवारी मी आलो तर चालेल का, वाजवायला?"

सबनीसांनी विचार केला. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"या की," ते म्हणाले. "फक्त त्याला कळू देऊ नका. त्याला वाईट वाटेल."

काकांनी नाही सांगणार म्हणून कबूल केलं.